‘तुझं अक्षर छान आहे, जर्नल तूच लिही!’

गेल्या दिवाळीची गोष्ट. लेक सुट्टीत मारेगावला आली होती. ती इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चकल्या तळून झाल्या, पसारा आवरला आणि आम्ही दोघी मायलेकी निवांत बसलो. मी सहज विचारलं, ‘‘काय गं, मायक्रोकंट्रोलरचं प्रॅक्टिकल कसं चाललंय?’’

‘‘छान चाललंय की. माझं जर्नल पूर्ण आहे.’’

‘‘जर्नलचं नाही विचारत. किटवर काय काय केलंस?’’

ती जराशी थांबली. मग म्हणाली, ‘‘आई, किटं कमी आहेत ना. एका किटवर आम्ही पाच जण. दोघं मुलं वायरी जोडतात, प्रोग्राम टाकतात. माझं अक्षर छान आहे, म्हणून जर्नल मीच लिहिते. बाकीचे सगळे माझंच बघून उतरवतात!’’

तिनं हे अगदी कौतुकानं सांगितलं. पण खरं सांगू, मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण ‘तुझं अक्षर छान आहे’ हे वाक्य मी अंदाजे तीस वर्षांपूर्वी जसंच्या तसं ऐकलं होतं.

मीही इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आहे. १९९६ साली पास झाले, तेही फर्स्ट क्लासमध्ये. आमच्या वेळी ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं किट असायचं. बटणं दाबून आकडे टाकायचे आणि लाल आकड्यांत उत्तर बघायचं. बटणं मुलं दाबायची आणि आम्ही तिघी मुली मागे उभ्या राहून वाचन टिपून घ्यायचो. कुणी दटावलं नव्हतं, कुणी हाकललंही नव्हतं. उलट कौतुकच व्हायचं, मुलींची जर्नलं कशी नीटनेटकी असतात म्हणून!

पुढे एका छोट्या कारखान्यात मुलाखतीला गेले. साहेबांनी टेबलावर एक बोर्ड ठेवला, हातात मल्टिमीटर दिला आणि म्हणाले, ‘‘यातला एक दिवा लागत नाही. का ते बघा.’’ मल्टिमीटरची व्याख्या मला तोंडपाठ होती. पण लाल वायर कुठे टेकवायची आणि काळी कुठे, हे या हातांनी कधी केलंच नव्हतं. पाच मिनिटं मी नुसती बघत राहिले. साहेबांनी शांतपणे बोर्ड परत घेतला. पुढच्या वर्षी लग्न होऊन मी मारेगावला आले, आणि डिप्लोमाचं सर्टिफिकेट कपाटात गेलं.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या लेकीला म्हटलं, ‘‘चल, या सुट्टीत आपण एक बोर्ड बनवू. आपल्या दोघींचा.’’

आता तुम्ही म्हणाल, हे मायक्रोकंट्रोलर म्हणजे आहे तरी काय? मैत्रिणींनो, ते तुमच्या घरातही आहे. वॉशिंग मशीन किती वेळ फिरायचं, इंडक्शन शेगडी कधी बंद व्हायची, विजेच्या मीटरवर किती युनिट दाखवायचे, बाजारात कापूस मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर किती किलो उमटायचे, हे सगळं आतली एक छोटीशी चिप ठरवते. तिला एका खोलीचं घर समजा. विचार करायची जागा तिथंच, आठवणी ठेवायचं कोठार तिथंच आणि बाहेरच्या जगाशी बोलायच्या खिडक्याही तिथंच.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला वर्षानुवर्षं शिकवली जाते ती ८०५१ नावाची चिप. इंटेल कंपनीनं ती १९८० मध्ये आणली. चाळीस पाय, त्यातल्या बत्तीस बोलक्या खिडक्या. तिच्याच घराण्यातल्या चिप पुढे इतर कंपन्यांनी बनवल्या, त्या आजही मिळतात. आम्ही एटी८९एस५२ ही चिप घेतली, कारण ती पुन्हा पुन्हा पुसून नव्यानं प्रोग्राम भरता येते. शिकणाऱ्याला तेच हवं असतं. चूक झाली की पुसा आणि पुन्हा लिहा!

सामान नागपूरहून मागवलं. चिप, तिचा चाळीस पायांचा सॉकेट, क्रिस्टल, कपॅसिटर, रेझिस्टर, आठ एलईडी, भोकाभोकांचा झीरो पीसीबी आणि कॉम्प्युटरमधून प्रोग्राम भरायचा एक छोटा यूएसबी प्रोग्रामर. सोल्डर वायर वणीच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळाली. दुकानदारानं एक मोडका बोर्डही दिला, ‘‘यावर आधी हात बसवा’’ म्हणून. जुन्या सेट टॉप बॉक्सचं बारा व्होल्टचं ॲडॅप्टर घरातच पडलं होतं. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर सोडले तर सगळं हजाराच्या आत बसलं. एका बऱ्यापैकी साडीचे पैसे म्हणा ना!

जागा निवडली शिलाई मशीनच्या टेबलाची. मशीनचा दिवा सोल्डरिंगला फार उपयोगी पडतो. स्वयंपाकाचा ओटा मात्र मुद्दाम टाळला. साध्या सोल्डर वायरमध्ये शिसं असतं, म्हणून खाण्याच्या जागेपासून ते लांबच बरं. खिडकी उघडी ठेवायची आणि काम झालं की साबणानं हात धुवायचे, हा नियम पहिल्याच दिवशी केला.

पहिले दोन दिवस त्या मोडक्या बोर्डावर गेले. सोल्डरिंगची गंमत अशी की आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते जोडावर थापायचं नसतं. आधी पाय आणि पीसीबीवरचं तांबं दोन्ही तापवायचं, मग जोडाला सोल्डर टेकवायचं, म्हणजे ते आपसूक पसरतं. चांगला जोड चकचकीत आणि निमुळता दिसतो. मळकट, रवाळ गोळा दिसला की समजायचं, जोड कच्चा आहे. वरून जोडलेलं वाटतं, पण आतून वीज जात नाही. लेकीचे पहिले वीस जोड कच्चेच होते. माझेही!

मग खरा बोर्ड सुरू झाला. आधी फक्त वीजपुरवठा. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर लावला आणि मल्टिमीटरनं मोजलं, बरोबर पाच. तोवर चिपला हातही लावायचा नाही. त्यानंतर सॉकेट. चिप थेट सोल्डर करायची नसते, सॉकेटमध्ये बसवायची असते आणि तिच्या खाचेची दिशा बघूनच. उलटी बसवली तर गेलीच म्हणून समजा. मग क्रिस्टल, म्हणजे चिपच्या नाडीचे ठोके. मग रिसेटचं बटण. शेवटी आठ एलईडी, प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर.

हे चाललेलं असताना शेजारच्या आजी डोकावल्या. ‘‘काय करून राहिल्या वो दोघी मायलेकी? रेडिओ सुधारून राहिल्या का?’’ मी सांगितलं. तर म्हणाल्या, ‘‘पोरीच्या जातीले हे धुराचं काम कायले पाह्यजे? हात पोळला तं उद्या पाहुणे येतीन तवा काय दाखवसान?’’ लेक हसून म्हणाली, ‘‘आजी, पोळी करतानाही हात पोळतोच की!’’ आजींना ते पटलं असावं. चहा घेऊन दोन तास बसल्या.

त्यांना मी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्या अपोलो यानांच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम अक्षरशः विणलेला होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका बारीक चुंबकी कड्यांतून तार ओवायच्या. तार कडीतून गेली की एक, बाजूनं नेली की शून्य. एक टाका चुकला तर प्रोग्राम चुकणार. तेव्हा ही बारीक, हाताची, लक्ष देऊन करायची कामं बायकांची नाहीत, असं कुणी सांगितलं तर त्यांना चंद्राकडे बोट दाखवावं!

असो. बोर्ड पूर्ण झाला. लेकीनं सी भाषेत चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. दिवा लाव, थांब, विझव, थांब, पुन्हा पहिल्यापासून. सहा वायरी जोडून तो चिपमध्ये भरला, वीज दिली आणि... काहीच नाही. एकही दिवा लागेना.

कॉलेजच्या किटवर असं झालं असतं तर ‘किट खराब आहे’ म्हणून दुसऱ्या टेबलावर गेलो असतो. इथं दुसरं टेबलच नव्हतं. पाच व्होल्ट पुन्हा मोजले, ठीक. क्रिस्टलचे जोड बघितले, ठीक. रिसेट बघितला, तोही ठीक. दीड दिवस गेला. लेक रडकुंडीला आली. ‘‘आई, राहू दे ना, सरांना विचारीन.’’ माझ्या डोळ्यांपुढे मुलाखतीतला तो बोर्ड आला. म्हटलं, ‘‘नाही. एकेक पाय मोजू. एक ते चाळीस.’’

एकतिसाव्या पायाशी घोटाळा सापडला. त्याचं नाव ईए. हा पाय पाच व्होल्टला जोडला तर चिप आपल्या स्वतःच्या आतला प्रोग्राम चालवते. तो जमिनीला जोडला तर ती बाहेरच्या मेमरीतून येणाऱ्या सूचना पाळते. आमचा पाय कुठेच जोडलेला नव्हता, नुसता लोंबकळत होता! लेकीच्या जर्नलमध्ये हे वाक्य सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, खाली रेघ मारलेली. पण त्याचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. एक तार जोडली आणि दिवे लुकलुकायला लागले. आम्ही दोघी अशा ओरडलो, की तिचे बाबा बाहेरून धावत आले.

दुसरी गंमत पुढेच होती. तिनं प्रोग्राममध्ये ‘एक’ लिहिलं की दिवा विझायचा आणि ‘शून्य’ लिहिलं की लागायचा. उलटंच! पण ते बरोबर होतं. ८०५१ चा पाय वीज बाहेर ढकलायला अशक्त असतो, आत ओढून घ्यायला मजबूत. म्हणून दिव्याचं एक टोक पाच व्होल्टला आणि दुसरं चिपला जोडतात, आणि चिपनं शून्य केलं की दिवा लागतो. ‘‘आई, हे तर व्हायव्हात विचारतात,’’ लेक म्हणाली. ‘‘मी पाठ केलं होतं. आता पाठ करायची गरजच नाही.’’

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक मुलीनं शिकायचा बोर्ड एकदा तरी स्वतःच्या हातानं बनवला पाहिजे. तयार किटमध्ये सगळे जोड आधीच बरोबर असतात. त्यामुळे काय बरोबर आहे हे दिसतं, पण का बरोबर आहे ते कळत नाही. आणि मुळात त्या किटपर्यंत आपल्या मुलींचा हात पोचतो का, हाही प्रश्न आहेच.

शिकणाऱ्याच्या हातात त्याचा स्वतःचा बोर्ड असावा, हा विचार जगभर झालेला आहे. आज सगळीकडे दिसणारा अर्डुइनो बोर्ड २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावच्या एका संस्थेत जन्मला, तो विद्यार्थ्यांना परवडावा आणि सोपा वाटावा म्हणूनच. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पुढाकारानं अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना मायक्रोबिट नावाचा छोटा बोर्ड फुकट वाटला गेला, दहा लाखांच्या घरात. प्रत्येकाला एक! म्हणजे मुलाला बोर्ड आणि मुलीला जर्नल असा प्रश्नच उरला नाही.

आपल्याकडेही मोठी माणसं झाली आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग परदेशात डॉक्टरेट केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. करता करता शिकणं, हेच तिथलं सूत्र. तिथं गावातल्या पोरांनी हातानं वस्तू बनवायच्या आणि त्यातून विज्ञान समजून घ्यायचं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं २००२ मध्ये तिथं फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. एखाद्या महानगरात नव्हे, पाबळला! मुंबईच्या आयआयटीतल्या ई-यंत्र उपक्रमानं तर देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभारायला हात दिला. तेव्हा ‘आपल्याकडे हे कुठलं व्हायला’ असं म्हणायचं कारण नाही.

काळही अनुकूल आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये चिपउद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली. आपल्या राज्यानं २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आमच्यासारख्या कापूसपट्ट्यात, जिथं एका हंगामावर घरातल्या पोरीचं शिक्षण ठरतं, तिथं या निर्णयाचं मोल मी वेगळं काय सांगू? आता मुली इंजिनिअरिंगला जातील. पण फी माफ झाली म्हणून हात चालायला लागत नाहीत. कॉलेजच्या दारातून आत गेलेली मुलगी प्रयोगशाळेच्या टेबलापाशी जाऊन पुन्हा मागेच उभी राहिली, तर डिग्री मिळेल, मुलाखतीत मात्र माझ्यासारखी गत होईल.

काही मैत्रिणी म्हणतात, अगं, तयार अर्डुइनो काहीशे रुपयांत मिळतो, मग एवढी मगजमारी कशाला? मिळतो ना, आणि भीती वाटत असेल तर सुरुवात त्यानंच करावी. पण तोही तयारच. एकतिसावा पाय त्यात कुणीतरी आधीच जोडून ठेवलेला असतो. दुसऱ्या म्हणतात, आता सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर करून बघता येतं. येतं, पण पडद्यावरचा जोड कधी कच्चा निघत नाही. आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शहरातून तयार विकत आणणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! आईबाप पैसे मोजतात, लेकरू बांधीव पुस्तक घेऊन पहिल्या रांगेत बसतं.

आणखी एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. हे काम कॉलेजचं आहे, आईचं नाही. प्रत्येक घरात डिप्लोमा झालेली आई असेलच असं नाही, सगळ्यांना हजार रुपये काढणंही सोपं नाही. म्हणून माझ्या कॉलेजवाल्यांकडे तीन मागण्या आहेत. एक, सत्राच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक साधा बोर्ड बनवून घ्या आणि त्याचं सामान कॉलेजनं पुरवावं. दोन, ग्रुपमध्ये कामाची पाळी लावा. या आठवड्यात जो लिहील, त्यानं पुढच्या आठवड्यात जोडायचं. तीन, तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी चालू बोर्डातली एक तार काढून ठेवा आणि म्हणा, शोध. माझ्या मुलाखतीतल्या साहेबांनी तेच केलं होतं. त्यांची काही चूक नव्हती. चूक ही होती, की त्याआधीच्या तीन वर्षांत हे मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

आणि आपलं, आयांचं काम? ते अगदी छोटं आहे. लेक सुट्टीत घरी आली की ‘किती मार्क पडले’ याआधी एवढं विचारा, ‘‘या महिन्यात स्वतःच्या हातानं काय जोडलंस?’’ तुम्हाला त्यातलं काही कळायची गरज नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळेल. आणि वाढदिवसाला ड्रेससोबत एक सोल्डरिंग आयर्नही घेऊन द्या. घरातल्या मुलाला आपण स्क्रू ड्रायव्हर देतो आणि तो पंखा खोलून बसतो, तेव्हा कौतुक करतोच ना? मुलीनं मिक्सर खोलला तर ‘बिघडवशील’ म्हणून ओरडतो. बिघडू द्या एखादा मिक्सर!

मे महिन्यात आमच्या त्या शिलाई मशीनच्या टेबलावर तालुक्यातल्या आणखी चार मुली बसल्या होत्या. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या. चौघींपैकी तिघी आपापल्या ग्रुपच्या जर्नल लिहिणाऱ्या होत्या. चौघींचे बोर्ड पूर्ण झाले. एकीची चिप उलटी बसली आणि गेली. तिनं दुसरी मागवली आणि पहिली कंपासपेटीत जपून ठेवली आहे.

परवा लेकीचा फोन आला. नवं सत्र, नवा ग्रुप. पुन्हा कुणीतरी म्हणालं, तुझं अक्षर छान आहे, जर्नल तूच लिही. ती म्हणाली, ‘‘लिहीन की, पण पाळीपाळीनं.’’ पहिली पाळी एका मुलाची आली. त्याचं अक्षर म्हणे फारच वाईट आहे.

सुधारेल हळूहळू. आमचे कच्चे जोड सुधारलेच की!